दोन महानद्यांच्या संगमावर मोठं शहर का नाही? (केरो, इलिनॉय)

अनुजा_शिकागो

मार्चअखेर मुलांना सुट्टी आहे, तेव्हा शिकागोहून गाडीने मेम्फिसला जायचं ठरतंय. धाकटा सातवीत आहे आणि त्याला नकाशांचं भयंकर वेड. रस्ता बघता बघता तो इलिनॉयच्या पार दक्षिण टोकाला येऊन अडकला. तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते आणि दोन्हींच्या बेचक्यात केरो नावाचं गाव आहे. (स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच, पण तिथले लोक केरो म्हणतात असं वाचलं.)

त्याचा प्रश्न असा: ओहायोवर पिट्सबर्ग, सिनसिनाटी, लुईव्हिल. मिसिसिपीवर मिनिआपोलिस, सेंट लुई, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स. मग या दोन नद्या जिथे एक होतात तिथे सगळ्यात मोठं शहर हवं की नको? त्यानेच जनगणनेचे आकडे काढले. १९२० साली १५,२०३ आणि २०२० साली १,७३३. एवढी माणसं गेली कुठे?

मला उत्तर देता आलं नाही. यूट्यूबवर शोधलं तर जो तो ‘भुताचं गाव’ म्हणून पडक्या इमारतींवरून ड्रोन फिरवतोय. कारण कोणीच सांगत नाही. इथे त्या भागात राहणारं किंवा राहून गेलेलं कोणी आहे का? आणि मुलांना घेऊन थोडी वाट वाकडी करून जाण्यासारखं आहे का?

---

मंदार_डी

त्या रस्त्याने माझं बऱ्याचदा जाणं होतं. आय-५७ या महामार्गावरून नदी ओलांडताना गाव दिसतही नाही. काही नाही तिथे. गॅस कार्बनडेलच्या आसपास भरून घ्या आणि सरळ मेम्फिस गाठा, तिथे मुलांना बघायला भरपूर आहे.

---

वैशाली_कार्बनडेल

अनुजा, तुमच्या मुलाला जो प्रश्न पडला तोच जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बड्या धनिकांना पडला होता, आणि त्यांनी त्यावर पैसाही लावला होता.

मी कार्बनडेलला राहते, केरोपासून तासाभरावर. होम हेल्थमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. अलेक्झांडर आणि पुलास्की या दोन्ही काउंटी माझ्याकडे आहेत, त्यामुळे केरोत माझं नेमाने जाणं-येणं आहे. ‘काही नाही तिथे’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जमीन कशी आहे ते. केरो हे इलिनॉयचं सगळ्यात दक्षिणेकडचं शहर, आणि राज्यातली सगळ्यात सखल जमीनही तिथेच. अक्षांश बरोबर ३७ च्या आसपास, म्हणजे व्हर्जिनियातल्या रिचमंडपेक्षाही दक्षिणेला. शिकागोहून खाली येताना तासन्‌तास मक्याची सपाट शेतं दिसतात, मग कार्बनडेलच्या खाली टेकड्या आणि जंगल लागतं, आणि त्या टेकड्या उतरल्या की एकदम दुसरंच जग सुरू होतं. मेक्सिकोच्या आखातापासून वर चढत आलेल्या किनारी मैदानाचं उत्तर टोक इथे आहे. कॅश नदीच्या दलदलीत सायप्रसची झाडं पाण्यात उभी असतात, बुंध्याशी फुगलेली. केरोच्या जुन्या रस्त्यांवर मॅग्नोलिया आहेत. हवा, झाडं, बोलण्याची ढब, सगळं शिकागोपेक्षा मिसिसिपी राज्याला जवळचं.

आणि पायाखाली खडक नाही. दोन नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे सगळा. सेंट लुई आणि मेम्फिस उंच कड्यावर वसलेत, नदी फुगली तरी शहराचा गाभा वर राहतो. केरोला तसा कडा नाही. नकाशावर जागा राजाची दिसते, पण प्रत्यक्षात ती चहूकडून बांध घातल्याशिवाय राहण्याजोगी नाही. तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हे.

१८१८ मध्ये कोमेजिस नावाच्या व्यापाऱ्याने इथे शहर वसवायची सनद मिळवली, पण तो लगेच वारला आणि बेत बारगळला. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुक नावाच्या गृहस्थाने कंपनी काढली, लंडनमध्ये रोखे विकून पैसा उभा केला, बांध, गोदी, कारखाने सुरू केले. लंडनची पेढी १८४० मध्ये बुडाली आणि तिच्याबरोबर हेही बसलं. शहर खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते रेल्वेमुळे. इलिनॉय सेंट्रलची लाइन १८५६ मध्ये पुरी झाली तेव्हा सातशे मैलांहून लांब असलेली ती जगातली सगळ्यात लांब रेल्वे होती, आणि तिचं दक्षिणेचं टोक केरो. उत्तरेकडचा माल गाडीने यायचा, इथे बोटीवर चढायचा. १८५८ च्या जूनमध्ये बांध फुटून सगळं गाव पाण्याखाली गेलं, तरी लोकांनी पुन्हा बांधलं.

मग यादवी युद्ध. दोन्ही नद्यांवर नजर ठेवणारी ही जागा उत्तरेच्या सैन्याला सोडून चालणार नव्हतं. १८६१ च्या सप्टेंबरात युलिसिस ग्रँट हा उत्तरेचा सेनानी (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष) इथे आला, आणि पुढच्या फेब्रुवारीत फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दक्षिणेचे किल्ले घ्यायला इथूनच निघाला. तेव्हा ग्रँटला फारसं कोणी ओळखत नव्हतं, त्याचं नाव झालं ते या मोहिमेने. दक्षिणेतून सुटून आलेले हजारो गुलाम याच काळात केरोच्या छावणीत पोचले. त्यातले बरेच इथेच राहिले. १९०० सालापर्यंत गावातली एकतृतीयांशाहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

युद्धानंतरची पन्नास वर्षं भरभराटीची. कस्टम हाउस, सॅफर्ड लायब्ररी, वॉशिंग्टन अव्हेन्यूवरचे वाडे, सगळं त्या काळातलं. पण वाडे बांधून होतात न होतात तोच पायाखालची वाळू सरकायला लागली होती. गाड्यांचे डबे फेरीबोटीवर चढवून ओहायो पार करावे लागत, त्यावर किती लोकांची पोटं होती! १८८९ मध्ये रेल्वेचा पूल झाला आणि गाडी न थांबता केंटकीत जाऊ लागली. वाफेच्या बोटींचे दिवसही सरत आले. पुढे १९२९ मध्ये मिसिसिपीवर आणि १९३८ मध्ये ओहायोवर मोटारींचे पूल झाले, तेव्हा निदान गाड्या गावातून जात होत्या, मोटेलं चालत होती. १९७८ मध्ये आय-५७ चा पूल झाला आणि तेही थांबलं. मंदार, तुम्हाला गाव दिसत नाही ते म्हणूनच.

बहुतेक लोक गोष्ट इथे संपवतात. फेऱ्या गेल्या, रेल्वे गेली, हायवे बाहेरून गेला, गाव बसलं. मला हे पटत नाही. ओहायोच्या वरच्या अंगाला केंटकीत पडूका आहे, तेही नद्यांच्या संगमावरचं गाव, टेनेसी आणि ओहायोच्या. १९३७ च्या महापुरात पडूका जवळजवळ अख्खं पाण्यात होतं, गाव रिकामं करावं लागलं. त्याच पुरात केरो बांधांच्या आत कोरडं राहिलं. आज पडूकात सत्तावीस हजार लोक राहतात. अणुइंधनाचा कारखाना मिळाला वगैरे कारणं आहेतच त्याला. पण पाणी हे केरो ओस पडण्याचं कारण असतं तर उलटं व्हायला हवं होतं.

केरो माणसांनी मोडलं.

१९०९ च्या नोव्हेंबरात विल जेम्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला हजारोंच्या जमावाने भर बाजारातल्या दिव्यांच्या कमानीखाली मारलं. त्याच रात्री जमावाने तुरुंगातून एका गोऱ्या कैद्यालाही ओढून काढून फासावर दिलं. इलिनॉयमध्ये १९०५ चा कायदा होता: शेरीफच्या ताब्यातला कैदी जमावाने नेला तर शेरीफची खुर्ची जाते. राज्यपालांनी शेरीफला काढलं, तो परत खुर्ची मागायला गेला. तेव्हा आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार शिकागोहून केरोला आल्या, घरोघर फिरून हकिकती गोळा केल्या आणि राज्यपालांसमोर उभं राहून बाजू मांडली. शेरीफला खुर्ची परत मिळाली नाही. केरोचं नाव काढताना लोकांना तो जमाव आठवतो. मला वाटतं वेल्सबाईंचं हे काम त्याच्या आधी सांगायला हवं.

१९६२ मध्ये इथला पोहण्याचा तलाव फक्त गोऱ्यांसाठी होता. त्याच्या दाराशी तरुण मुलं गुडघे टेकून प्रार्थनेला बसली, त्यांत पुढे काँग्रेसमध्ये गेलेले जॉन लुईस होते. तो फोटो तुम्ही पाहिलाही असेल. कायद्याने तलाव सगळ्यांना खुला करायची वेळ आली तेव्हा तो बंद केला गेला आणि पुढे बुजवून टाकला. उन्हाळ्यात इथे किती उकडतं हे मला ठाऊक आहे. गोरी मुलंसुद्धा पोहायची राहिली.

१९६७ च्या जुलैत रॉबर्ट हंट नावाचा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक सुट्टीवर घरी आला होता, तो पोलीस कोठडीत फासावर लटकलेला सापडला. पोलीस आत्महत्या म्हणाले, लोकांनी मानलं नाही. जाळपोळ झाली, नॅशनल गार्ड म्हणजे राज्याचं राखीव सैन्य आलं. गोऱ्यांनी ‘व्हाइट हॅट्स’ नावाची सशस्त्र टोळी उभी केली. १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांनी युनायटेड फ्रंट स्थापन करून दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी एवढीच होती की जिथे आम्ही पैसे देतो तिथे आम्हाला नोकऱ्याही द्या. पिरॅमिड कोर्ट्स या सरकारी वसाहतीवर रात्री बांधावरून गोळ्या यायच्या.

माझ्या पेशंट आजी आहेत एक, गुडघा बदललेला. व्यायाम करताना मोजायला कंटाळतात, म्हणून बोलत राहतात. त्या काळी त्या विशीत होत्या. सांगतात की गोळीबार सुरू झाला की मुलांना अंघोळीच्या टबात झोपवायचो, कारण टब लोखंडी आणि भिंती पातळ. किराणा आणायला चार बायका मिळून एका गाडीतून नदीपार जायच्या, आणि कामाचे कपडे असोत की शाळेचे, केरोच्या दुकानाची पायरी चढली नाही. त्यांना सगळ्यात जास्त कशाचं नवल वाटतं, तर दुकानदारांनी एक-दोन मुली कामाला ठेवण्याऐवजी दुकानाला कुलूप लावणं पसंत केलं. आणि कुलूप लावून ते गेले. दुकान गेलं, त्याच्याबरोबर कर गेला, कर गेला तशी शाळा, दवाखाना, रस्ते. १९६० मध्ये ९,३४८ माणसं होती, १९७० मध्ये ६,२७७. दहा वर्षांत तिसरा हिस्सा गेला.

तेव्हा तुमच्या मुलाला असं सांगा: शहर मोठं झालं नाही ते जमिनीमुळे आणि पुलांमुळे. पण होतं तेवढंही राहिलं नाही, ते एका बाजूने दुसऱ्या बाजूबरोबर राहायचं नाकारलं म्हणून.

---

श्रीरंग_जलविज्ञान

वैशालीताई, फार चांगलं लिहिलंय. मी सेंट लुईला नदीच्या पुराची गणितं करण्याचं काम करतो, म्हणून पाण्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट मुलासाठी. संगमापाशी दोघींपैकी मोठी नदी कोणती? नाव पुढे मिसिसिपीचं चालतं, पण केरोला ओहायो जास्त पाणी घेऊन येते. मिसिसिपीचं पाणलोट क्षेत्र केवढं तरी मोठं, मिझुरी नदीसकट पार रॉकी पर्वतापर्यंत, पण तो पश्चिमेचा मुलूख कोरडा. ओहायोचं खोरं लहान पण पावसाचं. मिझुरीचा गाळ असल्याने मिसिसिपी तांबूस-मातकट आणि ओहायो जरा निळसर-हिरवी, त्यामुळे संगमाखाली बरंच अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहताना दिसतात.

दुसरी गोष्ट २०११ ची. केरोच्या गेजवर (नदीची पातळी मोजतात ते) ४० फुटांना पूर सुरू झाला असं धरतात. पूरभिंत ६४ फुटांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. १९३७ चा उच्चांक होता ५९.५. त्या एप्रिलमध्ये ओहायोच्या खोऱ्यात पाऊस थांबेचना आणि पाणी ६१ च्या वर गेलं. धोका भिंतीवरून पाणी येण्याचा नव्हता, खालून येण्याचा होता. पाया गाळाचा, हे वर आलंच आहे. नदीच्या पाण्याचा दाब वाढला की ते वाळूच्या थरातून बांधाखालून शिरतं आणि आतल्या बाजूला जमिनीतून उकळल्यासारखं वर येतं, सोबत वाळू घेऊन. अशा झऱ्याने वाळू वाहून नेली की बांधाखाली पोकळी होते आणि बांध बसतो. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून आत पाण्याची उंची वाढवायची, म्हणजे दाब समतोल होतो, हा उपाय. केरोत त्या वेळी असा एक प्रचंड झरा फुटला होता. लोकांना गाव सोडायला सांगण्यात आलं.

समोर मिझुरीच्या बाजूला बर्ड्स पॉइंटपासून न्यू मॅड्रिडपर्यंत १,३०,००० एकरांचा पट्टा १९२८ च्या कायद्याने अशा वेळेसाठीच राखलेला आहे. पूर हाताबाहेर गेला की नदीकाठचा बांध उडवून पाणी तिथे घ्यायचं. १९३७ मध्ये एकदा केलं होतं. मिझुरी राज्य कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टापर्यंत, पण स्थगिती मिळाली नाही. २ मे २०११ च्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी बांधात पुरलेल्या पाइपांमध्ये द्रवरूप स्फोटक भरून तो उडवला. गेज त्या दिवशी ६१.७२ वर पोचलं होतं. त्यानंतर पाणी भराभर उतरलं आणि केरो वाचलं.

त्या पट्ट्यात मात्र नव्वदेक घरं होती. पिनहुक नावाचं छोटं कृष्णवर्णीयांचं गाव होतं, १९४० च्या दशकात शेतमजुरांनी स्वतः जमीन घेऊन वसवलेलं. त्यांना दुसरीकडे जमीन मिळतच नव्हती, म्हणून पूरपट्ट्यात घेतली. ते गाव कायमचं गेलं. त्या वेळी टीव्हीवर एक बाजू शेतकऱ्यांची आणि दुसरी केरोची अशी मांडणी चालली होती, पिनहुकचं नाव फार थोड्यांनी घेतलं. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. पण केरोचं बोलताना पिनहुकचं नाव घेतलंच पाहिजे.

---

रेवती_एम

मेम्फिसहून आणखी खाली व्हिक्सबर्गपर्यंत जाणार असाल तर एक जोड देते. ग्रँटच्या मोहिमेसाठी चिलखती बोटी बांधल्या त्यांतल्या काही केरोच्या शेजारी माउंड सिटीला झाल्या, आणि एकीचं नाव ‘केरो’ होतं. ती १८६२ च्या डिसेंबरात याझू नदीत पाणसुरुंगाने बुडाली, १९६४ मध्ये वर काढली आणि आता व्हिक्सबर्गच्या युद्धस्मारकात उभी आहे. लाकडाचे मूळ तुकडे, तोफा, खलाशांच्या रोजच्या वस्तू. माझी मुलं तिथून हलायला तयार नव्हती.

---

अनुजा_शिकागो

सगळ्यांचे मनापासून आभार. वैशाली, तुमचा प्रतिसाद मी आणि नवरा दोघांनी वाचला. मुलालाही वाचून दाखवला, १९०९ आणि कोठडीचा भाग जरा सांभाळून. त्याने लगेच विचारलं की तलाव बुजवला त्या जागेवर आता काय आहे! आणि आत्ता तिथे राहणारे लोक काय करतात?

आम्ही जायचं नक्की केलंय. अर्धा दिवस ठेवला तर काय बघावं? आणि एक अवघड प्रश्न: रिकाम्या घरांमधून मुलांना घेऊन फिरणं तिथल्या लोकांना कसं वाटेल?

---

वैशाली_कार्बनडेल

तुमचा शेवटचा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून आधी तोच घेते. रस्त्यात गाडी थांबवून पडक्या घरांचे फोटो काढणाऱ्यांचा लोकांना अगदी वीट आलाय. रिकाम्या दिसणाऱ्या घराच्या शेजारच्या घरात कोणीतरी राहत असतं आणि खिडकीतून बघत असतं. माझे एक पेशंट होते, पोर्चवर खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या घराचा व्हिडिओ ‘ओसाड घर’ म्हणून कोणीतरी टाकला होता, आणि त्यात त्यांच्या कुंड्यांतले टोमॅटो स्पष्ट दिसत होते. तेव्हा जा, हसून हात हलवा, लायब्ररीत जा, कोणाशी तरी बोला. लोक फार अगत्याचे आहेत.

राहतात ते काय करतात? शाळा आहे, शाळेतल्या नोकऱ्या आहेत. नदीवर बार्जचं काम आहे: टोबोटींवर महिन्याच्या पाळ्यांनी जाणारी माणसं, धान्य चढवणारी माणसं. काही रोज पडूका नाहीतर मिझुरीतल्या केप जिराडोला कामाला जातात. बाकी बरेच म्हातारे. साठ-सत्तर टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत, म्हणजे ज्यांना घालवायचं होतं तेच टिकून राहिले.

पण टिकणंही सोपं ठेवलेलं नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने एल्मवुड आणि मॅकब्राइड या दोन सरकारी वसाहती राहण्यालायक नाहीत म्हणून बंद करायचं जाहीर केलं. सुमारे चारशे लोक, त्यांत निम्मी मुलं. घरं वाईट होती हे खरंच: उंदीर, बुरशी, थंडीत हीटर बंद म्हणून ओव्हन उघडा ठेवून ऊब घेणारी कुटुंबं. पण ती दुरुस्त करायच्या ऐवजी लोकांना भाड्याची व्हाउचर दिली, आणि केरोत भाड्याची घरं नव्हतीच. म्हणून लोक गेले. २०१० च्या २,८३१ वरून २०२० च्या १,७३३ वर आकडा आला त्यात याचा वाटा मोठा. माझ्या यादीतली कितीतरी नावं त्या वर्षांत गळली.

त्यात किराण्याचं दुकानही बंद पडलेलं होतं. गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ताजी भाजी म्हणजे कोणाच्या तरी मिनतवाऱ्या. मधुमेहाच्या पेशंटला मी काय खा म्हणून सांगणार? २०२३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर ‘राइज कम्युनिटी मार्केट’ उभं केलं. एवढ्या छोट्या गावात असं दुकान चालवणं किती जड जातं ते मी जवळून पाहिलंय. तुम्ही जाल तेव्हा उघडं असेल तर पाणी, फळं, जे लागेल ते तिथेच घ्या.

मंदार, तुमच्यासाठी एक सांगते: २०२० मध्ये राज्याने केरोत नवं नदीबंदर उभारायला चार कोटी डॉलर जाहीर केले. वर्षानुवर्षं लोक त्याची वाट बघतायत. देशातल्या सगळ्यात मोठ्या दोन जलमार्गांच्या तोंडाशी बंदर नसावं हे जितकं तुमच्या-माझ्या लक्षात येतं तितकंच त्यांच्याही.

आता अर्धा दिवस. आय-५७ वर एक्झिट १ घ्या, मग यूएस ५१ ने दक्षिणेला. गावात शिरताना रस्ता रेल्वेच्या भरावाखालून जातो, तिथे मुलाला वर बघायला सांगा. डोक्यावर एक अवाढव्य पोलादी दार टांगलेलं असतं. पूर आला की ते खाली सोडतात आणि गाव उत्तरेकडूनही बंद होतं. बाकी दोन बाजूंना बांध आहेतच. म्हणजे तुम्ही एका भांड्याच्या आत शिरताय हे तिथे खरं कळतं. सकाळी पहिल्या पेशंटकडे जाताना त्या दाराखालून गेलं की अजूनही माझी मान आपोआप वर जाते.

आत गेल्यावर वॉशिंग्टन अव्हेन्यू. मॅग्नोलिया मॅनर हा युद्धात सैन्याला बिस्किटं पुरवून श्रीमंत झालेल्या पीठगिरणीवाल्याचा वाडा, १८७२ मध्ये पुरा झालेला. ग्रँट अध्यक्षपदावरून उतरल्यावर १८८० मध्ये इथे पाहुणा होता. त्याच रस्त्याला सॅफर्ड लायब्ररी, १८८४ ची, आणि ती आजही चालू लायब्ररी आहे. आतलं लाकूडकाम आणि रंगीत काचा बघा. मग जुनं कस्टम हाउस, तेही १८७२ चं, दगडी. आता तिथे संग्रहालय आहे. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. तलावाबद्दल तिथल्या माणसांनाच विचारू दे त्याला, ते नीट सांगतील. मुलाने विचारलेलं त्यांना आवडतं.

शेवटी फोर्ट डिफायन्स, अगदी टोकाला. तिथे नावाड्यांच्या स्मारकाचा एक मनोरा आहे, वर चढता येतं. डाव्या हाताला ओहायो, उजव्या हाताला मिसिसिपी, एका नजरेत केंटकी आणि मिझुरी, पाय इलिनॉयमध्ये. १८०३ च्या नोव्हेंबरात लुईस आणि क्लार्क हे शोधमोहिमेचे दोन म्होरके पश्चिमेला निघण्याआधी इथे मुक्काम टाकून होते, आणि अक्षांश-रेखांश मोजायचा सराव त्यांनी इथे केला. नकाशांच्या वेड्याला ही जागा नाही आवडली तर मला सांगा! पार्कची देखभाल यथातथाच आहे, गवत वाढलेलं असतं, तेवढं मनाशी धरून जा.

राहायचं असेल तर केरोत नको, सोय नाही. पडूका किंवा केप जिराडो बघा.

---

मंदार_डी

वैशालीताई, पुढच्या खेपेला एक्झिट १ नक्की घेईन. अनुजा, मेम्फिससाठी परत आय-५७ वर यायची गरज नाही. फोर्ट डिफायन्सपासून मिसिसिपीच्या जुन्या पुलाने मिझुरीत उतरा, यूएस ६०/६२ ने पुढे जाऊन परत हायवे मिळतो आणि मग आय-५५. पूल अरुंद आहे आणि ट्रक बरेच असतात, सावकाश चालवा.

---

श्रीरंग_जलविज्ञान

हाच रस्ता मीही सुचवणार होतो. पूल उतरलात की तुम्ही बर्ड्स पॉइंटला आहात, आणि आय-५५ ने खाली जाताना त्याच पूरपट्ट्याचं दुसरं टोक न्यू मॅड्रिड लागतं. तिथे बांधावर चढून नदी बघता येते, आणि १८११-१२ चे मोठे भूकंप झाले ती जागाही तीच, म्हणजे मुलाला बोनस.

एक सूचना फक्त. मार्चअखेर म्हणजे दोन्ही नद्या चढायचे दिवस, आणि फोर्ट डिफायन्स बांधाच्या बाहेर आहे. नदी पूरपातळीला आली की पार्क पाण्यात जातं आणि तिकडचा रस्ता बंद होतो. निघायच्या आधी दोन दिवस राष्ट्रीय हवामान सेवेच्या साइटवर केरोचं ओहायो नदीचं गेज बघा, पुढच्या काही दिवसांचा अंदाजही तिथेच असतो. ४० फुटांच्या बरंच खाली असेल तर जा. जवळ आलं असेल तर टोकाला न जाता आधी कस्टम हाउस करा आणि तिथे विचारून घ्या.

---

अनुजा_शिकागो

गेजचं पान मुलाने बुकमार्क केलंय, आता रोज सकाळी आकडा वाचून दाखवतो. शुक्रवारी रात्री केप जिराडोचं बुकिंग केलं. शनिवारी सकाळी केरो. संग्रहालयाला सोमवारी फोन करते.